ऑटोमॅटिकचे काम होणार नाही, विचारू नये

आबा, तुमच्या वर्कशॉपात ऑटोमॅटिक आली. आली, दोन-अडीच महिने राहिली आणि परवा आपल्या पायांनी बाहेर गेली. "ह्या दारातनं ऑटोमॅटिक आत आली की मी भाईर," असं तुम्ही अख्ख्या उद्यमनगरला ऐकवून ठेवलं होतं. पण तुम्ही त्याआधीच बाहेर गेलात, त्याला आता बारा-तेरा वर्षं होतील, तेव्हा तो वाद आपोआप मिटला. तरी गाडी आत घेताना मी वर पाटीकडं बघायचं टाळलं. पाटी अजून तिथंच आहे. "ऑटोमॅटिकचे काम होणार नाही, विचारू नये." बाकीचा रंग उडत आलाय, 'विचारू नये' तेवढं ठसठशीत राहिलंय, कारण ते तुम्ही रंगाऱ्याकडून दोनदा गिरवून घेतलं होतं.

त्या पाटीमागची गोष्ट तुम्ही घरात कधी काढू दिली नाहीत, पण ती सगळ्यांना ठाऊक आहे. मी तेव्हा चौथीत असेन. कुणा कारखानदाराची परदेशी मोटार आली होती. तुम्ही गिअरबॉक्स उतरवला, खोलला, आणि मग दिवसभर त्याच्याभोवती नुसते फिरत राहिलात. लॉरीच्या गिअरबॉक्समध्ये दात असतात, दांडे असतात, कोण कुणाला फिरवतं ते डोळ्यांना दिसतं. याच्यात नुसत्या ऑइलच्या वाटा, वळणं घेत कुठून तरी येऊन कुठं तरी जाणाऱ्या. रात्री जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "ह्येच्यात गिअर कुठाय त्योच घावंना." आठवड्याभरानं तो गिअरबॉक्स मालकाला परत गेला, तो पोत्यातनं. पोत्याचं तोंड तुम्ही स्वतः शिवलंत. मालक चांगला माणूस होता, पण पोतं उचलताना ते आत खुळखुळलं आणि तो आवाज तुम्हाला फार लागला. दुसऱ्या दिवशी रंगारी आला.

तेव्हापासून ऑटोमॅटिक हा तुमचा जन्माचा दुष्मन झाला आणि त्याला तुम्ही एक तत्त्वज्ञान जोडून दिलंत. "डावा पाय मोकळा सोडला की माणूस झोपतोय." मला गाडी शिकवताना तुम्ही शेजारी बसून दोनच शब्द बोलायचात. दाब. सोड. रंकाळ्याच्या कडेनं मी गाडी चालवतेय, लोक संध्याकाळचे फिरायला आलेत, भेळ खातायत, आणि गाडीतून मोठ्यानं आवाज येतोय, दाब, सोड, दाब, सोड. मैत्रिणींनी मला त्यावरून कॉलेजभर छळलं. पण गिअर असा पडायचा की तुमच्या हातातल्या पेल्यातला चहा हलत नव्हता. बाकीच्यांच्या पोरी ज्या वयात रांगोळ्यांचे ठिपके शिकल्या त्या वयात मी गिअरच्या सिंक्रो रिंग घासायला शिकले, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मग तुमच्या अंगावरनं वारं गेलं, आणि जाताना नेमकी डावी बाजू घेऊन गेलं. हात थोडा परत आला, पाय नाही. तुमच्या जावयांनी तेव्हा फार मायेनं एक छोटी ऑटोमॅटिक दारात आणून उभी केली होती, नुसती बसून बघायला. तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणालात, "मला पाळण्यात घालू नगा." झालं. तीन वर्षं तुम्ही वर्कशॉपच्या दारात त्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलात आणि तिथून सगळ्यांना ओरडत राहिलात. कुठं जायचं झालं की माझ्या शेजारी बसायचात आणि पाय हलत नाही म्हणून प्रत्येक गिअरला हाताची थाप गुडघ्यावर मारायचात. दाब. आबा, ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या केल्या त्यानं नुसत्या हट्टापायी स्वतः पुन्हा गाडी चालवली नाही, याचा मला राग आहे. तेव्हा बोलता आलं नाही, कारण तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी तुमचं ओरडणं संपायला हवं होतं.

आता गाडीचं सांगते. गडहिंग्लजचं जैन घराणं, गुळाचा जुना व्यापार. थोरला मुलगा जपानात नोकरीला होता. तो कायमचा परत येताना भांडीकुंडी सोडून मोटार घेऊन आला. दोन दारांची, बुटकी, बसायला जमिनीशी वाकावं लागतं, आणि पायाच्या अंगठ्यानं ॲक्सिलेटरला नुसतं शिवलं की पाठ सीटला चिकटते. असल्या गाडीचा गडहिंग्लजात काय उपयोग, असं मलाही वाटलं. पण उपयोग निघाला. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या अंगावरनंही वारं गेलेलं. पुन्हा डावाच पाय. घरच्यांनी त्यांच्या सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या, आणि ही दारात आली तर तिला डावा पाय लागतच नाही. तेव्हापासून आठवडाभर अण्णा ती शर्यतीची गाडी वीस-पंचवीसच्या वेगानं त्यांच्या देवळात, बस्तीत दर्शनाला, गुळाच्या सौद्याला आणि मळ्यात नेतात. उसाच्या बैलगाड्या त्यांना मागं टाकून जातात. आणि रविवारी पोरगा तीच गाडी हायवेला घालून आठवड्याची कसर भरून काढतो.

बिघाड त्या रविवारांमुळंच झाला. पोरानं इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती, गिअरबॉक्सला कुणी विचारलं नव्हतं. घरात जेवणारी माणसं दुप्पट झाली आणि भात त्याच पातेल्यात शिजवत राहिलं, तसं ते. एका रविवारी ऑइल तापलं, आतल्या क्लच प्लेटा घसरायला लागल्या, इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढं सरकेना. त्यानं शहाण्यासारखी ती कडेला घेतली आणि बंद केली. फोनाफोनी करताना गाणी चालू ठेवली, त्यात बॅटरी उतरली. इथवर दुखणं लहान होतं. पुढचं सगळं आपल्या माणसांच्या मायेनं झालं.

शेजारच्या गावच्या तालमीतली पोरं धावत आली. पाव्हण्याची गाडी बंद पडलीय म्हटल्यावर ती थोडीच गप्प बसणार. "पावणं, सेकंड टाका, आमी ढकलतो." ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, जन्मात होत नाही, पण ते सांगायला पोराला कुणी सवडच दिली नाही. अंगाला तेल लावलेले पाच-सहा पैलवान ती जपानी गाडी ढकलतायत, "क्लच सोडा की वो पावणं" म्हणून ओरडतायत, आणि आत हा पोरगा नसलेला क्लच कुठनं सोडू म्हणून रडकुंडीला आलाय. तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही ढकलायला लागला असतात, वर त्याला गाडी येत नाही असं म्हणाला असतात. ढकलून दमल्यावर त्यांनी उसाचा रिकामा ट्रॅक्टर थांबवला, दोरी बांधली, आणि गाडी ओढत थेट कोल्हापूरला. इंजिन बंद म्हणजे आतला ऑइलचा पंप बंद, चाकं मात्र फिरतायत, सगळं कोरडं घासत. वाटेत कागलच्या अलीकडं चहाला थांबले तर तिथं एका मिस्त्रीला दया आली. त्यानं ऑइलची काडी काढून बघितली, "पाण्यावानी पातळ झालंय हे" म्हणाला, आणि लॉरीचं नव्वद नंबरचं घट्ट ऑइल आत ओतलं. वर पैसे घेतले नाहीत. ते ऑइल मुळातच पातळ असतं, आबा. पातळ आणि लाल. माझ्या दारात गाडी आली तेव्हा खालून जे गळत होतं ते काकवीसारखं होतं आणि त्याला जळक्याचा वास होता.

सोमवारी मुलगा अण्णांना घेऊन आला. दारात ती निळी खुर्ची अजून आहे, अण्णा काठी टेकत आले आणि न विचारता तिच्यात बसले. मी गाडीखालून बाहेर आले तर उजेडाकडं पाठ करून एक म्हातारा तुमच्या खुर्चीत बसलेला, डावा पाय पुढं लांब टाकलेला. माझ्या हातातला पाना खाली पडला. मुलगा माझ्यामागंच होता. "अक्का, मॅन्युअल करून टाकूया," तो म्हणाला. "गिअरबॉक्स बघून ठेवलाय मी. क्लच बसवायचा, विषय संपला. कोल्हापुरात तुमच्यासारखं गिअरचं काम कोण करत न्हाय, सगळी तसंच म्हणतात. ह्या ऑटोमॅटिकची कटकटच नको." त्याचं चुकत नव्हतं. ते काम मी डोळे झाकून केलं असतं. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि मुलाला म्हणाले, "तुझं बराबर हाय. मला काय, रिक्षा हाईत की." एवढंच. आणि बाहेर रस्त्याकडं बघत बसले, तुम्ही बसायचात तसे, म्हणजे आता माझ्याशी कुणी बोलू नका असे.

मी म्हटलं, "ऑटोमॅटिकच राहू दे. मी करते." माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं आणि मीच दचकले. पोरगा म्हणाला, "तुम्ही केलंय का आधी, अक्का?" मी म्हटलं, "आमच्या आबांनी केलतं." हे अगदीच खोटं नाही. तुम्ही खोललं होतं.

आता अडचण बघा. असल्या गिअरबॉक्सच्या आत ऑइलच्या वाटांची एक पाटी असते, त्या वाटांतून ऑइल जाऊन गिअर बदलतात, आणि त्यात धुळीचा एक कण अडकला तरी सगळं बिनसतं. आणि आपल्या एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला ग्राइंडिंग. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. मला स्वच्छ जागा एकच माहीत होती, आणि ती तुम्हालाही माहीत आहे. अंगणात गिअरबॉक्स डिझेलनं धुतला, पुसला, दोघा हमालांनी तो आत स्वयंपाकघरात आणून टेबलावर ठेवला, आणि ती वाटांची पाटी मी आईच्या ओट्यावर मांडली. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. मला वाटलं, आता घराबाहेर काढते. तिनं विचारलं, "कुणाची म्हणायची ही?" मी म्हटलं, गडहिंग्लजच्या जैनांची. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मग ही जाईस्तवर ह्या सैपाकघरात मटण शिजायचं न्हाय."

मी समजावलं. आई, ते लोखंड आहे. तिला पटत नव्हतं असं नाही, तिला ते ऐकायचंच नव्हतं. "लोखांड आसू दे न्हायतर सोनं. त्येंच्या घरची वस्तू आपल्या चुलीपाशी ठिवलीया. उद्या ती परत त्येंच्या दारात जानार. त्येंनी आपल्या भरवशावर दिलीया न्हवं?" अंडी बंद झाली. मग तिच्या मनात आलं की ते लोक जमिनीखालचंही खात नाहीत, तर कांदा, लसूण, बटाटा बंद झाला. सुटे भाग परदेशातून यायचे होते, ते आठ दिवसांत येतो म्हणून महिन्यावर गेले. तुमचे जावई पहिला बुधवार गप्प राहिले, रविवारी अस्वस्थ झाले, आणि तिसऱ्या रविवारी त्यांनी मला हळूच विचारलं की तुला येत नसेल तर तसं सांग, यात काही कमीपणा नाही. मग ते बाहेर खानावळीत तांबडा-पांढरा ओरपून यायला लागले, तर आईला दारातच वास लागला. "आंघुळ केल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाय जावईबापू. आत गिअरबॉक्स हाय." देव्हाऱ्यापुढं एवढं सोवळं कधी पाळलं नव्हतं आपल्या घरात.

मला काय येत होतं? काहीच नाही. मोबाईलवर जपानी माणसांचे व्हिडिओ लावून बसायची. एक म्हातारा आहे, पांढरे हातमोजे घालून प्रत्येक तुकडा हातात घेतो, त्याच्याशी काहीतरी बोलतो आणि फडक्यावर ठेवतो. भाषा कळत नव्हती, पण गिअरबॉक्सशी बोलणारा माणूस मला काही नवीन नव्हता. त्यातच माझ्या लक्षात आलं की यात गिअर आहे, आबा. तुम्हाला घावला नाही तो आहे. एक मधला, त्याच्याभोवती फिरणारे तीन, आणि त्यांना बाहेरून धरून ठेवणारा एक. कुणाला थांबवायचं आणि कुणाला फिरू द्यायचं हे ऑइल ठरवतं. म्हणजे दाब आणि सोडच की. फक्त पाय आत गेलाय. हे कळलं त्या दुपारी मी ओट्यापुढं उभी राहून मोठ्यानं हसले आणि पहिल्यांदा मला वाटलं की हे तुम्हाला सांगावं.

मधे एकदा अण्णा बघायला आले. आईनं त्यांना जेवायला बसवलं, कांदा-लसणाशिवायची आमटी, भात, दोडक्याची भाजी. त्यांनी कौतुक केलं, तर आई सहज म्हणाली, तुमची वस्तू आल्यापासून घरात असंच असतं. अण्णांना कळेना. मग जावयांनी, ज्यांना हे कुणाला तरी सांगायचंच होतं, सगळी हकिकत सांगितली. अण्णांनी घास खाली ठेवला. टेबलावरच्या गिअरबॉक्सकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते ठसका लागेपर्यंत थांबेना. "वैनी, आमची पोरं बी एवढं पाळत न्हाईत. जपानात ह्या गाडीनं काय काय बगितलं आसंल, आणि इथं येऊन चातुर्मास." डोळे पुसत म्हणाले, "सोडा हो हे. माझी परवानगी हाय." जावई आशेनं उभेच राहिले. आई म्हणाली, "तुमी मोठ्या मनाचं हाईसा. पर जाईस्तवर तसंच." अण्णा हसायचे थांबले. जाताना मला दारात म्हणाले, "झालं न्हाय तरी चालंल बाळ. पर तुमी ठेवलासा तसा मान कुणी ठेवत न्हाय." मला त्यांचं पहिलं वाक्य आवडलं नाही. तेवढी मोकळीक तुम्ही मला कधी दिली नव्हती.

सुटे भाग आले. जास्त ताकदीच्या क्लच प्लेटा, नवी सिलं, ऑइल थंड करायला पुढं मोठा कूलर. पोराला गिअर धक्का देऊन बदललेला हवा होता, अण्णांना पोटातलं पाणी न हलता. मी ऑइलचा दाब मधला लावला, दोघांनाही थोडं नाराज करणारा. गिअरबॉक्स गाडीला चढला, ऑइल भरलं, लाल, पातळ. अख्खं उद्यमनगर दारात जमलं होतं, पाटी वाचत. मी दांडा 'डी'वर, म्हणजे पुढं जायच्या खुणेवर ओढला. काही नाही. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागेवर. मग मागं जायचा गिअर टाकला, तर गाडी इतकी सुरेख मागं गेली की काय सांगू. लोण्यातून गेल्यासारखी, थेट समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत. कुणीतरी म्हणालं, "मागं जाती म्हंजे निम्मं काम झालंय की, अक्का. गडहिंग्लजला उलटी पाठवा."

गिअरबॉक्स पुन्हा उतरला आणि टेबलावर आला. तुमचे जावई खुर्चीत बसले ते बसलेच. आई शांतपणे म्हणाली, "पोतं आणून ठिवू का?" माझ्याकडं एक आठवड्याची मुदत होती. मुलानं स्पष्ट सांगितलं होतं, अक्का, एवढ्यात झालं तर झालं, नाहीतर मॅन्युअल. मी ती ऑइलच्या वाटांची पाटी उघडली. तिच्या वाटांमध्ये जागोजाग बारक्या पोलादी गोळ्या असतात, छर्ऱ्याएवढ्या, ऑइलला उलटं फिरू न देणाऱ्या. एका खाचेत गोळी नव्हती. म्हणजे बसवतानाच ती कुठं तरी निसटली होती, आणि ती असली तर याच स्वयंपाकघरात असणार होती. मी गुडघ्यावर आले. जावई फ्रीज सरकवायला लागले. तूरडाळीचा डबा परातीत ओतला, मोहरी चाळली, मिसळणाचा डबा पालथा घातला. असली गोळी कोल्हापुरात मिळत नाही, अंदाजानं दुसरी घालून चालत नाही. मी ओट्याखाली आडवी पडलेली, मला रडू यायला लागलेलं, आणि तुम्ही पोतं शिवत बसलाय ते मला लख्ख दिसत होतं.

आई देवळातून आली. आम्हाला बघून दारातच थांबली. "काय हुडकालाय सगळी?" मी सांगितलं, गोळी, एवढीशी, लोखंडाची. ती म्हणाली, "ती व्हय? झाडताना घावली मला कवाच. देवापुढं ठिवलीया की वाटीत."

तुमची वाटी, आबा. तुमच्या खिशातून, बाह्यांतून, धोतराच्या सोग्यातून रोज काही ना काही घरात सांडायचं, नट, स्प्रिंगा, बेअरिंगच्या गोळ्या, आणि आई ते केराबरोबर टाकायची म्हणून तुम्ही एकदा घर डोक्यावर घेतलं होतं. "घरात घावंल त्ये फेकायचं न्हाय. देवापुढं ठिवायचं. सकाळी पूजेला आलो की मी बगतो काय, कुटलं त्ये." तुम्ही गेलात, आणि आई अजून घरात सापडेल ते त्या तांब्याच्या वाटीत ठेवते. कुणी बघायला येत नाही तरी ठेवते. देव्हाऱ्यापाशी जाऊन तिनं दोन बोटांनी गोळी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ज्या ऑटोमॅटिकला तुम्ही दारात उभं करत नव्हता तिला तुमच्याच नियमानं वाचवलं. मला वाटलं, आता कुठं तरी तुम्ही चिडला असाल, आणि मला फार बरं वाटलं.

वाटीच्या तळाशी तुमची अशी एकच वस्तू होती, ती आईनं हात न लावता तशीच राहू दिली. तुमचा तांब्याचा वायसर, बोल्टाखालची ती चकती. तो दिवस मला पाठ आहे. काठीच्या टोकाला तुम्ही लोहचुंबक बांधून घेतला होता आणि खुर्चीत बसल्या बसल्या खाली पडलेलं सगळं गोळा करायचात. पण तांबं काही चुंबकाला दाद देत नाही. तो वायसर उचलायला तुम्ही स्वतः वाकलात, आणि मी ओरडले, राहू दे की आबा, नवीन मिळतो. तुम्ही तो पुसून खिशात टाकलात. "नवीन मिळतंय म्हणून जुनं टाकायचं आसतं व्हय? तापीव, पाण्यात टाक, पुन्हा नव्यावानी मऊ हुतंय." मला ठाऊक होतं, लहानपणापासून बघत आले होते. आईची भाकरी तव्यावरून उतरायची आणि त्याच जाळावर तुमचे वायसर चढायचे. त्या संध्याकाळी तुम्हाला दवाखान्यात नेलं. तुमचा शर्ट धुताना आईला तो सापडला, तिनं वाटीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पूजेला कुणी आलं नाही.

परवा गाडी पुढं गेली. मी आधी एकटीनं फिरवून आणली. पहिल्याच सिग्नलला सवयीनं डावा पाय क्लच समजून ब्रेकवर दाबला आणि मागच्या रिक्षावाल्यानं माझं सगळं खानदान काढलं. मग अण्णा बसले, मी शेजारी. रंकाळ्याच्या कडेनं ते वीसच्या वेगानं निघाले. पहिल्याचा दुसरा झाला, दुसऱ्याचा तिसरा, धक्का नाही, आवाज नाही. आणि प्रत्येक वेळी, आबा, प्रत्येक वेळी त्यांचा डावा हात नकळत गुडघ्यावर थाप मारत होता. माझ्या तोंडून गेलं, "दाब." ते लाजून हसले. "सवय हो. पाय गेला, सवय जाईना." मग म्हणाले, "घाई न्हाय न्हवं? आणि एक चक्कर टाकू." मला तुमची इतकी आठवण आली की मी तळ्याकडं तोंड करून बसले. तुम्हीही असं चालवू शकला असतात. तीन वर्षं. भांडण काढायचं म्हणून म्हणत नाही, पण शकला असतात.

त्या रात्री आपल्या घरी मटण शिजलं. जावयांनी स्वतः जाऊन आणलं आणि कुणाशी न बोलता जेवले. पाटीचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. रंगारी येऊन विचारून गेला, मी म्हटलं बघू.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच ठरलं होतं, त्यामुळं राहिलेलंही सांगून टाकते. गिअरबॉक्सच्या तळाला ऑइल सोडायचा बोल्ट असतो, त्याखाली ऑइल गळू नये म्हणून तांब्याचा मऊ वायसर लागतो. शेवटचं बसवायच्या आधी मी घरी आले, आई भाकरी थापत होती. वाटीतला तुमचा वायसर घेतला, गॅसवर लाल केला, पाण्यात सोडला. आईनं तवा बाजूला सरकवून मला जागा करून दिली. तो चपखल बसला. गाडी त्याच संध्याकाळी गडहिंग्लजला पोचली, काल अण्णांचा फोन होता, खाली एक थेंब गळत नाही. तेव्हा आबा, तुम्हाला आवडो न आवडो, तुम्ही आता ऑटोमॅटिकच्या पोटात आहात आणि वीसच्या वेगानं बस्तीला जाताय. जपानहून आलेल्या पाकिटात नवा वायसर होता. पूर्ण वेळ माझ्या खिशातच होता. आता तो वाटीत आहे.